काढणीआधी तणनाशक मारून हरभरा वाळवायचा का? नव्याने शेती करणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

हार्वेस्टरवाल्याचा फोन येतो, परवा तुमच्या शिवारात येतोय, वावर तयार ठेवा. तुम्ही जाऊन बघता तर वरची पट्टी वाळून खडखड वाजतेय आणि नाल्याकडची पट्टी अजून हिरवीगार, शेंड्याला फुलंसुद्धा आहेत. मग बांधावरचं कुणीतरी सांगतं, अहो एक फवारा मारा ना तणनाशकाचा, सगळं एकसारखं वाळतं, आमच्याकडे सगळेच मारतात.

मी मारलाय. नोकरी सोडून शेतीत आलो त्याचं ते दुसरं वर्ष, पाच एकर हरभरा, जानेवारीच्या शेवटी पाऊस झाला आणि त्याच्या आधीच मी हौसेने एक जास्तीचं पाणी दिलेलं, त्यामुळे पीक परत फुटलं. दुकानातून ग्लायफोसेटचा कॅन आणला, सगळ्या पाच एकरावर मारला. झाड मस्त वाळलं. बारा दिवसांनी हार्वेस्टर सरसर फिरला, मी बांधावर उभं राहून फोटो काढले. मार्केटला अडत्याने पोत्यात परखी खुपसली, मूठभर दाणे तळहातावर पसरले आणि वर न बघता विचारलं, "मारलाय ना?" क्विंटलमागे चारशे रुपये तिथेच कमी झाले. बियाण्याला ठेवलेल्या मालाचं काय झालं ते पुढे सांगतो.

खाली जे लिहिलंय ते त्यानंतर दोन हंगाम विचारून, वाचून आणि स्वतः करून बघितलेलं आहे. हरभऱ्यावर लिहितोय कारण तो मी पिकवतो, पण मूग, तूर, सोयाबीनलाही बरंचसं हेच लागू आहे.

१. आधी हे औषध नेमकं काय करतं ते समजून घ्या

औषध झाड वाळवतं, दाणा पिकवत नाही. वावर पिवळं दिसलं की आपल्याला वाटतं पीक तयार झालं, पण झाड स्वतःहून पिवळं होणं आणि आपण मारून पिवळं करणं यात फार फरक आहे. स्वतःहून वाळणारं झाड आधी पानातलं सगळं दाण्यात भरतं आणि मग पान सोडतं. मारलेलं झाड आहे त्या जागी थांबतं, आणि घाट्यातला दाणाही तिथेच थांबतो, मग तो अर्धा भरलेला का असेना.

आपल्याकडे दोनच नावं जास्त चालतात आणि दोघांची तऱ्हा वेगळी आहे.

पॅराक्वाट जिथे पडतं तिथेच जाळतं. ऊन असेल तर सकाळी मारलेलं संध्याकाळपर्यंत तपकिरी दिसायला लागतं. झाडाच्या आत ते फारसं फिरत नाही, पण पानं जळली म्हणजे दाण्याचा खुराक बंद. जो दाणा तेव्हा मऊ होता तो सुरकुतून बारीक होतो, आणि जो हिरवा होता त्याचा हिरवा रंग तसाच अडकतो, कारण हिरवेपणा जायलासुद्धा दाण्याला जिवंत राहून थोडा वेळ लागतो.

ग्लायफोसेट हळू मारतं, आठवडा-दोन आठवडे घेतं, आणि ते झाडाच्या आत फिरतं. झाडातली साखर जिकडे चालली असेल तिकडे तेही जातं. आता विचार करा, घाटे भरायच्या दिवसात साखर कुठे चाललेली असते? दाण्यात. म्हणजे हिरव्या पिकावर मारलं तर औषध दाण्यात आपण स्वतःच भरतोय. औषधाचा हा उरलेला अंश दाण्याच्या आत असतो, वरून पाण्याने धुऊन जात नाही. ही एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर मी कॅन आणलाच नसता. मला वाटायचं घाट्याचं टरफल आहे ना वरून, आत कशाला जातंय.

२. वावरात उतरा आणि घाटे फोडा

बांधावरून बघून ठरवू नका. बांधावरून हिरवं दिसणारं वावर बरेचदा आतून तयार असतं, कारण हिरवं दिसतं ते तण असतं किंवा शेंड्याचा नवा फुटवा असतो. हे नीट बघायला अर्धा तास लागतो:

वावरात आडवे-तिडवे फिरून दहा जागा घ्या, सखल भाग आणि वरचा भाग दोन्ही येऊ द्या. प्रत्येक जागचं एक झाड, त्याचे खालचे, मधले आणि शेंड्याचे घाटे वेगवेगळे फोडा.

दाण्याचा रंग बघा. हरभऱ्याच्या दाण्याला जी चोच असते ना, तिथून पिवळेपणा सुरू होतो आणि मग पूर्ण दाण्यावर पसरतो. पूर्ण पिवळा किंवा तपकिरी झालेला दाणा म्हणजे त्यात भरायचं होतं ते भरलं, आता फक्त पाणी कमी व्हायचं राहिलंय. चोचच हिरवी असेल तर त्याला अजून दिवस हवेत.

मग दातात धरा. कट्ट वाजून फुटला तर काढणीला आला. दातात रुतला, चपटा झाला तर ओला आहे. आणि झाड हातात धरून हलवा, घाटे खुळखुळले की बास.

मी हे त्या वर्षी केलं असतं तर काय दिसलं असतं ते मला नंतर कळलं. वरचे साडेतीन एकर तयारच होते, तिथे फवाऱ्याची गरज शून्य होती. नाल्याकडचे दीड एकर खरोखर हिरवे होते, तिथे फवारा मारणं म्हणजे दाण्याचा गळा दाबणं. म्हणजे पाच एकरातल्या एकाही एकराला तो फवारा लागत नव्हता! तयार असलेल्याला लागत नाही आणि हिरव्याला चालत नाही, एवढं सरळ आहे ते.

आता कुणी म्हणेल परदेशात तर मारतात. मारतात, खरंय. कॅनडात मसूर मे महिन्यात पेरतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात काढतात, मागून थंडी आणि दव गोठायची भीती, दिवस लहान, पीक आपोआप वाळायला उसंत नाही. तिथेसुद्धा नियम असा की सगळ्यात हिरव्या भागातल्या दाण्यातली ओल ३० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय ग्लायफोसेट मारायचं नाही, आणि बियाण्याच्या प्लॉटवर मारू नका असं सांगतात. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये ग्लायफोसेटची परवानगी वाढवली तेव्हा काढणीची तारीख जुळवायला म्हणून पिकावर मारणं बंदच करून टाकलं. आपल्याकडे मार्चमध्ये जे ऊन पडतं ते त्यांच्याकडे असतं तर त्यांनी हा खर्च केलाच नसता असं माझं मत आहे.

३. डब्यासोबतचं पत्रक वाचा, दुकानदाराचं तोंड नाही

डब्यासोबत एक घडी घातलेलं बारीक अक्षरांचं पत्रक मिळतं. ते आपण सगळे बांधावर फेकतो. त्यात औषध कोणत्या पिकावर, कशासाठी, किती मारायचं आणि मारल्यावर किती दिवस थांबायचं हे लिहिलेलं असतं. पॅराक्वाटच्या पत्रकात चहा, बटाटा, कापूस, रबर, द्राक्ष अशी पिकं दिसतात, तीही तणासाठी. हरभरा वाळवायला असं कुठेच नाही. ग्लायफोसेटच्या पत्रकात चहा आणि पडीक जागा. वर २१ ऑक्टोबर २०२२ च्या केंद्राच्या आदेशाने ग्लायफोसेटचा वापर फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरता ठेवलाय, म्हणजे आपण पंप पाठीवर घेऊन मारणं त्यात बसत नाही. दुकानात मिळतं ही गोष्ट वेगळी.

पत्रकात पीक नसेल तर "काढणीआधी किती दिवस थांबायचं" हा आकडाही नसतो. मग दुकानदार जो आकडा सांगतो, सात दिवस, दहा दिवस, तो कुठून येतो? त्याच्या मनातून येतो. मी विचारलं तेव्हा मला म्हणाला, "भाऊ, आठ दिवस धरा." पंधरा मिनिटांनी दुसऱ्याला पाच सांगितले.

आणि पॅराक्वाटबद्दल एक वेगळं सांगतो, कारण नवीन माणूस ते साधं तणनाशक समजतो. याला उतारा नाही. पोटात थोडंसं गेलं तरी फुप्फुसं आणि किडन्या निकामी होतात, आणि उपचाराला हाताशी काही नसतं. युरोपात २००७ पासून बंद आहे, केरळने २०११ मध्ये बंद केलं. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून घरी आणू नका, अर्धा कॅन उरला म्हणून सपरीत ठेवू नका. चुकून कुणाच्या पोटात गेलं तर उलटीची वाट बघत बसू नका, डबा सोबत घेऊन सरळ मोठं हॉस्पिटल गाठा, माणूस बरा दिसत असला तरी.

४. फवाऱ्याशिवाय वाळवायचं कसं

हे मी आता करतो, आणि यात काही शोध नाही, आमचे बाबा हेच करायचे.

तुकडे पाडा. वावर एकाच दिवशी निघालं पाहिजे हा हट्ट हार्वेस्टरमुळे आलाय. तयार पट्टी आधी काढा, हिरवी पट्टी सोडा. हार्वेस्टरवाला कुरकुर करतो, दीड एकरासाठी परत येणार नाही म्हणतो, तर मग तेवढा भाग विळ्याने सोंगून थ्रेशरमधून काढा. बाजूचे दोघं-तिघं मिळून बोलावलं तर हार्वेस्टर परत येतोसुद्धा.

सोंगून पसरा. हिरवट भाग सोंगायचा तर निदान बहुतेक घाट्यांतला दाणा पिवळा होऊ द्या. सोंगणी पहाटे, दव असताना, म्हणजे घाटे गळत नाहीत, फक्त हाताला रुमाल गुंडाळा नाहीतर बोटांची वाट लागते. लहान लहान ढीग करून दोन दिवस, मग उलटवून परत दोन दिवस. मार्चचं ऊन असेल तर चार दिवसात काडी मोडते. एकदम मोठी गंजी लावू नका, आतून गरम होते आणि दाण्याला वास लागतो. ढग असतील तर ताडपत्री जवळ ठेवा पण दिवसभर झाकून ठेवू नका.

तण उपटून घ्या. काढणीच्या वेळी हिरवा उभा असतो तो बरेचदा चंदनबटवा असतो, त्याची हिरवी पानं हार्वेस्टरमध्ये दाण्याबरोबर चुरतात आणि दाण्याला हिरवे डाग पडतात, ओल वाढते. दोन मावश्या एका दिवसात एकर-दीड एकरातला मोठा तण काढून टाकतात. कॅन, पंपवाला आणि पाणी आणायचा खर्च मांडला तर मजुरी काही फार जास्त होत नाही. माझं तर कमी भावाचं नुकसान धरलं तर कितीतरी स्वस्तात पडलं असतं.

हार्वेस्टर दुपारी घाला, दव पूर्ण उडाल्यावर. ड्रमचा वेग जास्त असला तर हरभरा फुटून डाळ होऊन येते. पहिली टाकी भरली की उतरून मूठभर दाणे बघा, फुटका जास्त असेल तर तिथेच थांबवून सेटिंग बदलायला सांगा. बहुतेक ड्रायव्हर ऐकतात, तुम्ही बघताय हे कळलं पाहिजे फक्त.

५. मारूनच झालं असेल तर

हे वाचेपर्यंत काहींनी मारलेलं असणार, त्यांच्यासाठी.

तारीख, औषधाचं नाव आणि किती मारलं हे डायरीत लिहा आणि बिल जपून ठेवा. फवारलेला आणि न फवारलेला माल एकत्र करू नका, पोत्यांना वेगळ्या रंगाची सुतळी बांधा. फवारलेल्यातलं बियाणं ठेवू नका.

आणि कुटार, म्हणजे मळणीनंतर उरणारा पानाकाडीचा भुसा! याचा विचार कुणीच करत नाही. फवारा पडतो तो पानाकाडीवर, दाणा तरी घाट्यात असतो. म्हणजे सगळ्यात जास्त औषध कुठे असणार तर कुटारात, आणि ते आपण वर्षभर जनावरांना टाकतो. माझं त्या वर्षीचं सगळं कुटार मी गोठ्यात जाऊ दिलं नाही, बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत कारण उन्हाळ्यात विकतचं कुटार आणावं लागलं.

शेजारी कांदा किंवा भाजी असेल तर त्यांनाही सांगून टाका. वाऱ्याने उडालेलं औषध पानावर ठिपके पाडतं आणि मग पोलीस स्टेशनपर्यंत विषय जातो, आमच्या गावात गेलाय.

६. दाणा घरीच तपासा

यासाठी लागतं काय: पांढरी थाळी, गोणपाटाचे दोन तुकडे, काचेची कोरडी बरणी, मीठ, आणि जमलं तर ओल मोजायचं मशीन. मशीन गावात एकाकडे असतंच.

थाळीत शंभर दाणे मोजून घ्या आणि तीन ढीग करा: भरलेले गुळगुळीत, सुरकुतलेले बारीक, आणि हिरवे. माझ्या मालात त्या वर्षी भरलेले साठसुद्धा नव्हते. सुरकुतलेला दाणा वजनाला मार खातो हे तर दिसतंच, पण डाळ मिलवाला का नाक मुरडतो ते मला नंतर एका मिलमध्ये उभं राहिल्यावर कळलं. सुरकुतलेल्या दाण्याचं टरफल नीट सुटत नाही, घासायला गेलं की दाण्याचाच चुरा होतो, म्हणजे शंभर किलोत डाळ कमी आणि चुनी जास्त. हिरव्या दाण्याची डाळ पिवळ्या डाळीत लांबून दिसते. फुटाणेवाले तर असा माल हातच लावत नाहीत, त्यांना एकसारखा टपोरा दाणा लागतो, नाहीतर भट्टीत अर्धे करपतात आणि अर्धे फुटतच नाहीत.

ओल बघायला कोरड्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ टाकून चांगलं हलवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ बरणीच्या काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून ऊन द्या. नाही चिकटलं म्हणजे साठवायला तयार असं मात्र नाही, ठेवणीला १० टक्क्यांच्या आसपास पाहिजे, तिथे मशीनच लागतं.

आता उगवण. गोणपाट भिजवून पिळा, त्यावर दहा ओळीत दहा दहा दाणे मांडा, दुसरा तुकडा वरून घालून गुंडाळी करा, दोन्हीकडून सैल बांधा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. आठव्या दिवशी उघडा आणि मोजा. पण मोजताना चूक काय होते तर आपण मोड आलेला प्रत्येक दाणा "उगवला" म्हणून धरतो. तसं नाही. लांब सरळ मूळ, त्याला बारीक फाटे, आणि वर कोंब, असा असेल तोच धरायचा.

मी माझी गुंडाळी उघडली तेव्हा जे दिसलं ते विसरणं शक्य नाही. काही दाणे तर बुरशी लागून मऊ झाले होते. पण बाकीच्यांपैकी बऱ्याच दाण्यांना मूळ फुटून अर्ध्या बोटावर थांबलेलं, जाड, आखूड, टोकाला तपकिरी, एक फाटा नाही. जणू कुणीतरी आतून ब्रेक दाबलाय. शंभरात धड म्हणावे असे ४१ निघाले. हरभऱ्याच्या प्रमाणित बियाण्याला कमीत कमी ८५ टक्के उगवण लागते. आणि ही गंमत मी पेरल्यानंतर करून बघितली, आधी नाही, तोवर कार्तिकातल्या पेरणीत दोन एकरात जागोजाग खाडे पडले होते आणि मी बियाणं सोडून जमिनीला, थंडीला, मर रोगाला दोष देत होतो.

७. लॅबला पाठवायचं असेल तर हे विचारा

तुम्ही थेट ग्राहकाला विकत असाल, "विषमुक्त डाळ" म्हणून पाकिटं भरत असाल, किंवा एखाद्या कंपनीला माल देणार असाल तर अंश तपासणी करावी लागते. यात एक मोठा खड्डा आहे आणि त्यात मी पडलोय.

लॅबमध्ये "सगळी औषधं तपासा" म्हणून जो मल्टी-रेसिड्यू पॅकेज देतात, शंभर-दोनशे औषधांची लांबलचक यादी असते त्याची, त्यात साधारणपणे ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट नसतातच. ही दोन्ही पाण्यात विरघळणारी वेगळ्या जातीची रसायनं आहेत, नेहमीच्या पद्धतीत पकडलीच जात नाहीत, त्यांची वेगळी टेस्ट लागते आणि वेगळे पैसे. मला पहिला रिपोर्ट पूर्ण स्वच्छ आला, मी खूश, फवारलेला माल असून! मग यादी वाचली तर ग्लायफोसेट हे नावच त्यात नव्हतं. तेव्हा फोन करतानाच नाव घेऊन विचारा: ग्लायफोसेट करता का, पॅराक्वाट करता का, आणि ही टेस्ट तुमच्या एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेत आहे का.

सॅम्पल घेताना एकाच पोत्याच्या तोंडातून घेऊ नका. दहा-बारा पोत्यांच्या वरून, मधून, खालून थोडा थोडा घ्या, ताडपत्रीवर एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, असं करत किलोभर आणा. स्वच्छ पिशवी, आत-बाहेर चिठ्ठी. ज्या हाताने फवारणीचा पंप धरला त्या हाताने सॅम्पल भरू नका, आणि खताच्या पिशवीत तर अजिबात नाही.

रिपोर्ट कसा वाचायचा: अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा नियम असा की ज्या पिकावर एखाद्या औषधाची वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे किलोला ०.०१ मिलिग्रॅम धरायचं. हे किती म्हणाल तर १०० टन हरभऱ्यात १ ग्रॅम. बाहेरून येणाऱ्या मसुराला कोडेक्स या जागतिक अन्न-मानकांची ग्लायफोसेटची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे पाचशे पट ढिली. हे बघून माझंही डोकं फिरलं होतं, पण भांडत बसण्यात अर्थ नाही, आपला माल आपल्या आकड्यावर तपासला जाणार.

८. विक्रीला जाताना

हमीभावाने द्यायचा असेल तर कागदं आधीच गोळा करा: सातबारा, त्यावर ई-पीक पाहणीची नोंद, आधार, बँक पासबुक, नोंदणीला लागणारा मोबाईल नंबर. ई-पीक पाहणी राहिली तर बाकी सगळं असून उपयोग नाही, आणि ती हंगामातच करावी लागते, विकायच्या वेळी आठवून होत नाही. हरभऱ्याचा हमीभाव २०२५-२६ ला ५,६५० होता, २०२६-२७ साठी ५,८७५ केलाय. खरेदी केंद्रावर सुरकुतलेला, कच्चा, फुटका, डागी असा सगळा वेगवेगळा मोजतात आणि मर्यादेबाहेर गेला की गाडी परत.

म्हणून नेण्याआधी चाळणी आणि स्पायरल सेपरेटर मारा. गोल भरलेला दाणा बाहेरच्या कडेने पळतो आणि चपटा, फुटका आत पडतो, बघायलाही मजा येते. गावात सोयाबीनसाठी कुणीतरी घेतलेलं असतंच. पण याने फक्त दिसणं सुधारतं. दाण्यातला अंश चाळणीतून खाली पडत नाही.

अंशाचा विषय हमीभावाच्या खरेदीत येतच नाही असं समजू नका. मध्य प्रदेशात नर्मदापुरम, हरदा या पट्ट्यात उन्हाळी मूग घेतात, साठ-पासष्ट दिवसांचं पीक, पावसाच्या आत काढायची घाई, त्यामुळे तिथे काढणीआधी तणनाशक मारायची पद्धतच पडली. २०२५ च्या जूनमध्ये तिथलं सरकार मूग हमीभावाने घ्यायलाच आधी तयार नव्हतं आणि कारण हेच दिलं गेलं. शेतकऱ्यांनी जोर लावल्यावर खरेदी सुरू झाली, पण मधल्या दिवसात ज्यांना पैशाची नड होती त्यांनी मिळेल त्या भावात विकला. आणि ज्याने मारलं नव्हतं त्याचाही मूग त्याच नावाने ओळखला गेला.

९. पुढच्या हंगामाची तयारी आत्ताच

हार्वेस्टरने काढायचं ठरलं असेल तर उंच, एकदम पक्व होणारं वाण घ्या. फुले विक्रम, पीडीकेव्ही कनक ही त्यासाठीच काढलेली वाणं आहेत, घाटे जमिनीपासून वर लागतात. पेरणी एकाच दिवसात संपवा, चार दिवस मागेपुढे झालेली पट्टी शेवटी हिरवी राहते.

तणाचा बंदोबस्त सुरुवातीला. पेंडीमेथॅलिन पेरणीनंतर, उगवणीच्या आधी, जमिनीत ओल असताना, आणि पुढे एक-दोन डवरणी. तणनाशक मारायचंच तर त्याची वेळ ही आहे.

पाणी फुलोऱ्यात आणि घाटे भरताना, एवढंच. भारी काळ्या जमिनीत घाटे भरल्यावर दिलेलं पाणी म्हणजे पुन्हा फुटवा, पुन्हा फुलं, आणि मार्चमध्ये पुन्हा तोच हार्वेस्टरवाल्याचा फोन. सखल पट्टीला तर मी आता दुसरं पाणी देतच नाही, वरच्या पट्टीचं झिरपून जेवढं जातं तेवढं तिला पुरतं. मागच्या वर्षी दोन्ही पट्ट्या तीन दिवसांच्या फरकाने वाळल्या, हार्वेस्टर एकदाच आला.